मोहन्याचं मत

लोकसभा-विधानसभेची निवडणूक आली की आपल्याकडे घराघरात वाद झडतात. परदेशातले नातेवाईकसुद्धा फोनवर विचारतात, "काय, कोण येणार?" पण आपला नगरसेवक कोण, असं विचारा... शांतता! गंमत म्हणजे आपण रोज चिडतो ते नळ, गटार आणि खड्ड्यांवरून. आणि त्यांचा निकाल जिथे लागतो, त्या निवडणुकीकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष.

आमच्या मोहन्याचा इतिहास या दृष्टीने बघण्यासारखा आहे.

मोहने म्हणजे उल्हास नदीकाठचं, कल्याण तालुक्यातलं एक गाव. शहाड-आंबिवलीच्या बाजूला. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉनची गिरणी आली आणि गावाशेजारी कामगार वसाहत वाढली. देशभरातून माणसं आली. गावठाणात भावकी बघून मत पडायचं, वसाहतीत युनियन आणि आपल्या मुलखाचा माणूस बघून. दोन्हीकडे हिशोब एकच : वेळेला धावून येतो तो आपला!

१ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण महानगरपालिका झाली आणि गाव शहरात गेलं. पण शहरात गेलं म्हणजे शहराच्या कारभारात गेलं असं नाही हं. पहिली महापालिका निवडणूक झाली १९९५ साली! मधली बारा वर्षं प्रशासकाचा कारभार. याच काळात, १९९३ पासून, ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पण तोवर आम्ही कागदोपत्री शहरवासी झालो होतो. म्हणजे गावाची सभा नाही आणि शहराचा नगरसेवकही नाही.

पलीकडच्या २७ गावांचं तर काय सांगावं? १९८३ ला महापालिकेत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. त्यांचा लढा शेवटी इतकाच होता, की आमचा कारभार कुठून चालावा ते आम्हाला विचारा.

१९९५ नंतर मात्र दर पाच वर्षांनी मतदान होत राहिलं. २०१५ मध्ये १२२ प्रभाग होते आणि एका प्रभागाला एक नगरसेवक. शिवसेनेला ५२ जागा, भाजपला ४२. प्रचारात एकमेकांवर तुटून पडले आणि नंतर सत्तेत एकत्र बसले. पण निदान दार कोणाचं ठोठवायचं ते माहीत होतं.

नोव्हेंबर २०२० ला ती मुदत संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे घोळ. पुन्हा प्रशासक! शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. म्हणजे महापालिकेच्या बेचाळीस वर्षांपैकी साधारण सतरा वर्षं आमच्याकडे नगरसेवकच नव्हता.

त्याने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. प्रशासक आयएएस अधिकारी असतो, कामं होतातच की.

बिघडतं. एनआरसी २००९ च्या नोव्हेंबरात बंद पडली. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली. जागा पुढे अदाणी समूहाकडे गेली. तिथे अंबुजा सिमेंटचा कारखाना आणायचं ठरलं, सुमारे १,४०० कोटींचा, वर्षाला ६० लाख टनांचा. १६ सप्टेंबर २०२५ ला त्याची जनसुनावणी झाली. धुळीच्या धास्तीने आसपासच्या गावांनी जोरदार विरोध केला. कारखाना हवा की नको, यावर दोन मतं असू शकतात. काहींना रोजगार हवाच असेल. पण मोहन्याच्या आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न समोर आला, तेव्हा महापालिकेच्या सभागृहात उभं राहून बोलायला मोहन्याचा एकही माणूस नव्हता. सभागृहच नव्हतं!

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बऱ्याच छोट्या गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. शाळेच्या हॉलमध्ये लोक जमतात आणि गावाच्या खर्चावर स्वतः मत देतात. रस्त्याचं यंत्र घ्यायचं की नाही यावरसुद्धा! आपली ग्रामसभा याच जातीची. मोठ्या शहरात ती जमणार नाही, मान्य. म्हणून तर नगरसेवक.

आता २०२६ ला पॅनेल पद्धत आली. एका प्रभागात तीन-चार नगरसेवक आणि मतदाराला तितकीच मतं. मतदानाआधीच वीसच्या आसपास जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे तिथल्या मतदारांना त्या जागेसाठी बटण दाबायची संधीच मिळाली नाही. शिंदे यांच्या शिवसेनेला ५३ जागा, भाजपला ५०. आकडे जवळपास २०१५ चेच. मोहन्याच्या बंधाऱ्यावरून शहराला पाणी जातं, ते तसंच जात राहील.

पण चार नगरसेवकांपैकी नेमकं कोणाचं दार ठोठवायचं? मला वाटतं चौघांचंही. सतरा वर्षं ठोठवायला दारच नव्हतं. आता आहे, तर त्याचा आवाज झाला पाहिजे.

असो. तुमच्या नगरसेवकाचं नाव सांगा बरं... गूगल न करता!