इयान मॅकलेगन: साथीदार ते स्वतंत्र गीतकार

रॉक संगीताचा इतिहास बहुधा गायक आणि गिटारवादकांभोवती लिहिला जातो. ब्रिटिश कीबोर्डवादक इयान मॅकलेगन (१९४५–२०१४) यांची कारकीर्द त्या इतिहासाची आर्थिक बाजू दाखवते.

१९६५ मध्ये ते लंडनच्या 'स्मॉल फेसेस' या बँडमध्ये दाखल झाले. गाणी गाजत होती. पण व्यवस्थापक डॉन आर्डेन सदस्यांना आठवड्याला सुमारे २० पौंड पगार देत आणि रेकॉर्डविक्रीचा वाटा त्यांच्या हाती फारसा येत नसे. पुढे 'फेसेस' या बँडच्या 'सिंडी इन्सिडेंटली' (१९७३) या गाण्याचे ते सहलेखक झाले. 'रोलिंग स्टोन्स'च्या 'मिस यू'मध्ये (१९७८) त्यांचा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. या बँडच्या दौऱ्यांतही ते होते, मात्र मोबदल्यावर वाजवणारे साथीदार म्हणून. अशा साथीदाराचे उत्पन्न दौऱ्याबरोबर संपते. सहलेखकाला गाण्याच्या हक्काचे मानधन पुढेही मिळत राहते.

१९९४ मध्ये ते अमेरिकेतील ऑस्टिन येथे स्थायिक झाले आणि 'बंप बँड'सह लहान ठिकाणी स्वतःची गाणी गाऊ लागले. पत्नीच्या अपघाती निधनानंतर 'नेव्हर से नेव्हर' (२००८) हा अल्बम आला. येथे श्रोते थोडे होते, पण गाणी त्यांची स्वतःची होती.

म्हणून वादकाची कारकीर्द अभ्यासताना त्याने कोणाबरोबर वाजवले याच्या जोडीने गाण्याचे हक्क कोणाकडे होते, हेही तपासावे.