बारा मार्च : मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन

मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन 12 मार्चला साजरा होतो. 1968 साली या दिवशी भर दुपारी बारा वाजता राजधानी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर युनियन जॅक खाली आला आणि तांबडा, निळा, पिवळा व हिरवा असे चार आडवे पट्टे असलेला झेंडा वर चढला. पुढे 1992 साली देश प्रजासत्ताक झाला, तोही ठरवून 12 मार्चलाच, त्यामुळे दोन्ही प्रसंगांची सुट्टी एकच आहे. स्वातंत्र्यदिन म्हटला की परक्या सत्तेविरुद्ध सारा देश एकवटल्याची कथा ओघानेच येते. मॉरिशसची कथा तशी नाही. तिथे स्वातंत्र्य हवे की नको यावरच लोकांत उभी फूट होती, आणि ही तारीख सर्वांची व्हायला बरीच वर्षे जावी लागली.

या फुटीची मुळे बेटाच्या वस्तीतच आहेत. हिंदी महासागरातल्या या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले आणि 1710 मध्ये ते निघून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून मळे उभे केले. 1810 च्या डिसेंबरात ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, भाषा, धर्म आणि मालमत्ता यांना हात लावला नाही. राज्य इंग्रजांचे, ऊसमळे फ्रेंचांचे आणि रस्त्यावरची बोली क्रिओल, अशी ही घडी पुढे दीडशे वर्षे टिकली.

1835 मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा उसासाठी मजूर कुठून आणायचे हा प्रश्न मळेवाल्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले, काही मद्रासमार्गे आलेले तमिळ आणि तेलुगू, तर काही मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी. ज्या दगडी पायऱ्यांवरून ही माणसे बेटावर चढली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य झाले होते. मताधिकार मात्र मालमत्तेवर अवलंबून असल्याने सत्तेशी त्यांचा संबंध नव्हता.

1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी बेटावर काही दिवस थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असा सल्ला त्यांनी तिथल्या भारतीयांना दिल्याचे सांगतात. त्यांच्याच सांगण्यावरून 1907 मध्ये आलेले वकील मणिलाल डॉक्टर यांनी मजुरांचे खटले लढवले आणि ‘हिंदुस्तानी’ नावाचे पत्र काढले. संघटित राजकारण सुरू झाले ते मात्र 1936 मध्ये, मोरिस क्युरे या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाच्या, डॉक्टरांनी मजूर पक्ष स्थापन केल्यावर. दुसऱ्याच वर्षी ऊसमळ्यांत संप पेटले आणि गोळीबारात मजूर मेले. 27 सप्टेंबर 1943 रोजी बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यात पुन्हा पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मृतांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. देशातल्या एका मोठ्या स्टेडियमला आज तिचे नाव आहे.

खरा पालट घडवला तो 1947 च्या घटनेने. वसाहतीत चालणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला तिने मताधिकार दिला. मग वासुदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या बैठकांत मळ्यातल्या बाया-बापड्यांना अक्षरे गिरवायला लावली. सही येते म्हणजे मत येते, इतका हिशेब सरळ होता. बारा हजारांच्या आतबाहेर असलेली मतदारसंख्या 1948 च्या निवडणुकीत सत्तर हजारांच्या पुढे गेली. 1959 मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले आणि लंडनमध्ये शिकलेले डॉक्टर शिवसागर रामगुलाम मजूर पक्षाचे निर्विवाद नेते ठरले.

इथून पुढे गाडा अडला तो ब्रिटिशांपेक्षा बेटावरच्या भीतीने. हिंदू बहुसंख्येचे राज्य आले तर आपले काय, हा प्रश्न क्रिओल, फ्रेंच वंशाच्या आणि चिनी लोकांना सतावत होता. गाएतां दुवाल या तडफदार वक्त्याने ही भीती आपल्या पक्षाच्या मागे उभी केली. ब्रिटनशी संलग्न राहावे, अशी त्यांची मागणी होती. 1965 च्या लंडन परिषदेनंतर ब्रिटनने अट घातली की आधी निवडणूक, मग नव्या सभागृहाचा ठराव, मगच स्वातंत्र्य. 7 ऑगस्ट 1967 च्या मतदानात मजूर पक्ष, विष्णुदयाल बंधूंपैकी सुखदेव यांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष अशा आघाडीला 62 पैकी 39 जागा मिळाल्या, दुवाल यांच्या पक्षाला 23. मतांत अंतर याहून कमी होते : सुमारे 55 टक्के विरुद्ध 44 टक्के. पोर्ट लुईपासून साडेपाचशे किलोमीटरांवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाने तर जवळजवळ एकमुखाने स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला.

22 ऑगस्टला ठराव झाला. तारीख ठरवताना रामगुलाम यांनी दांडीयात्रा निघाली तो 12 मार्च मुद्दाम साधला, असे मॉरिशसमध्ये सर्रास सांगितले जाते. पण तारीख उजाडायच्या आत जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत मुस्लिम आणि क्रिओल टोळ्यांत दंगल उसळली. या टोळ्यांची नावे होती ‘इस्तंबूल’ आणि ‘टेक्सास’. किमान 25 माणसे मेली, शेकडो लोक घरे सोडून गेले, आणीबाणी पुकारावी लागली आणि सिंगापूरहून ब्रिटिश पलटण बोलवावी लागली. ज्या सत्तेला निरोप द्यायचा, तिच्याच शिपायांच्या पहाऱ्यात सोहळा करण्याची वेळ आली. राणीच्या वतीने येणाऱ्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. गव्हर्नर जॉन शॉ रेनी आणि पंतप्रधान रामगुलाम यांच्यासमोर झेंडे बदलले गेले, ते स्वातंत्र्यविरोधकांच्या बहिष्कारात. पुष्कळ सुखवस्तू कुटुंबे या सुमारास ऑस्ट्रेलियाला निघून गेली.

त्या दिवशी प्रथम वाजलेल्या राष्ट्रगीताचे शब्द झां-जॉर्ज प्रॉस्पर यांचे आणि चाल पोलीस बँडमधल्या फिलिप जांती यांची. झेंड्याच्या रंगांचा अधिकृत अर्थ म्हणजे स्वातंत्र्यासाठीचा संघर्ष, महासागर, स्वातंत्र्याचा प्रकाश आणि हिरवी शेती. लोक मात्र त्यात त्या वेळचे चार पक्ष पाहतात, आणि त्यात निळा पट्टा पडतो दुवाल यांच्या वाट्याला. दुवाल स्वतः 1969 मध्ये रामगुलाम यांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले.

तरी वाद संपले नव्हते. 12 मार्च 1983 रोजी सरकारी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रिओलमध्ये ऐकवले गेले आणि गहजब झाला. आधीच धुसफुसणारे आघाडी सरकार दहा दिवसांत फुटले. अर्थमंत्री पॉल बेराँजे सहकाऱ्यांसह बाहेर पडले. आदल्याच वर्षी या आघाडीने मुख्य बेटावरच्या साऱ्या साठ जागा जिंकल्या होत्या. भाषेचा प्रश्न तिथे किती नाजूक आहे, हे यावरून कळते. 1992 मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान असताना राष्ट्रप्रमुखपदी ब्रिटनच्या राणीऐवजी राष्ट्रपती आले आणि गव्हर्नर-जनरल व्हीरासामी रिंगाडू पहिले राष्ट्रपती झाले.

आज मुख्य सोहळा बहुधा शां द मार्सवरच होतो. एरवी हे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान; 1812 पासून तिथे शर्यती भरतात. देशाला लष्कर नसल्याने संचलन करते ते पोलिसांचे विशेष दल आणि तटरक्षक, वरून हेलिकॉप्टरे झेंडा घेऊन जातात. मग क्रिओल सेगा नाचाचा ताल, भोजपुरी गीत-गवई, चिनी सिंहनृत्य असे सगळे एकाच मंचावर येते. मराठी मॉरिशसकरांचा झाकरी नाच कोकणातल्या जाखडीचाच वंशज. शाळांत सुट्टीच्या आधीच झेंडावंदन उरकते आणि पंतप्रधानांचा संदेश वाचून दाखवतात. सन्मानांची यादीही याच दिवशी जाहीर होते. प्रमुख पाहुणे वारंवार भारतातून जातात : 2018 च्या सुवर्णमहोत्सवाला राष्ट्रपती कोविंद, 2024 ला राष्ट्रपती मुर्मू, 2015 आणि 2025 ला पंतप्रधान मोदी. 1967 मध्ये स्वातंत्र्याविरुद्ध कौल देणाऱ्या रॉड्रिग्जलाही 2002 मध्ये देशांतर्गत स्वायत्तता मिळाली.

एक प्रश्न 1968 पासून लोंबकळत राहिला. नोव्हेंबर 1965 मध्ये ब्रिटनने शागोस द्वीपसमूह तीस लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडला, तिथल्या रहिवाशांना हुसकावले आणि दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या तळाला दिले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा ठरवणारे मत दिले. 22 मे 2025 रोजी ब्रिटनने शागोसवरचे मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. तळ मात्र 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागच्या जागी ठेवायचे त्यात ठरले.