यादीत माझं नाव नको

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत कपात जाहीर झाली. किती जणांना काढायचं तो आकडा ठरलेला होता. नावं सकाळी कळणार होती. त्या रात्री मी, एरवी देवळाची पायरीही न चढणारा, हात जोडून बसलो. माझं नाव नको, एवढंच मागितलं. सकाळी शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव आलं. मी वाचलो, पण मी नेमकं काय मागितलं होतं, हा प्रश्न पाठ सोडेना.

त्या शोधात एक जुनं पत्र हाती लागलं. इ. स. ४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोम लुटलं. तिथल्या बड्या घराण्यातली विधवा प्रोबा समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आली. प्रार्थना कशी करावी, याबद्दल हिप्पोच्या बिशप ऑगस्टिनने तिला सविस्तर पत्र लिहिलं. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा.

आपल्याला काय हवं ते देवाला आधीच ठाऊक आहे, मग मागायचं कशाला? ऑगस्टिन म्हणतो, देवाला कळावं म्हणून नाही. मागता मागता आपली इच्छा तयार व्हावी, मिळणारं पेलण्याइतकी मोठी व्हावी म्हणून. संकट टळावं असं वाटण्यात त्याला गैर दिसत नाही. पण तो एक कसोटी देतो: शब्द कुठलेही वापरा, मागणं मात्र येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत बसायला हवं.

हे सांगणारा जन्मजात संत नव्हता. तरुणपणी आपण ब्रह्मचर्य मागायचो, पण ‘एवढ्यात नको’ अशी पुस्ती जोडून, हे त्यानेच ‘कन्फेशन्स’मध्ये कबूल केलंय.

येशूच्या त्या प्रार्थनेत भाकरीही मागितली आहे. पण ती ‘माझी’ नाही, ‘आमची’. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने या अनेकवचनाकडे तिसऱ्या शतकातच लक्ष वेधलं होतं.

माझं मागणं इथेच अडकलं. आकडा ठरलेला असताना माझं नाव नको म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी चालेल.

मी ख्रिस्ती नाही, आस्तिक आहे का तेही ठरलेलं नाही. पण पुन्हा हात जोडलेच, तर ‘मला’च्या जागी ‘आम्हाला’ घालून बघेन. त्याआधी त्या मित्राला फोन करायचाय. वर्ष झालं, केलेला नाही.