दिवा खोटं बोलत नाही

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेऊन फिरून आलेल्या मराठी कुटुंबांची एक तक्रार ठरलेली असते. गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणाच्या रांगेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गोष्टी निघतात; आधी अस्वल येतं, मग गायझर येतात, आणि तिसरा नंबर त्या दिव्याचा. संडासाची टाकी आत्ताच रिकामी केली, दोनदा धुतली, तरी पॅनेल म्हणतं ‘भरली’. आमच्याही पहिल्या सहलीत हेच झालं. चार दिवस आम्ही त्या लाल दिव्याला घाबरून पार्कातल्या संडासांपुढे रांगा लावल्या. गाडी परत करताना टाकीत पाहिलं तर ती निम्मीही भरलेली नव्हती.

या तक्रारीवर रांगेतल्या सगळ्यांचं निदान एकच असतं: सेन्सर खराब झालाय, तो साफ करा किंवा बदला. हे निदान मला चुकीचं वाटतं, आणि त्यावरचे उपाय तर टाकीची अवस्था आणखी बिघडवणारे.

आधी यंत्र समजून घेऊ. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ‘ग्रे’, म्हणजे बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याची. तिसरी ‘ब्लॅक’, संडासाची. बहुतेक गाड्यांत टाकीच्या भिंतीला भोकं पाडून एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि काठोकाठ अशा उंचींवर स्टीलचे बोल्ट बसवलेले असतात. त्यांनाच प्रोब म्हणतात. पॅनेलचं बटण दाबलं की तारेतून अगदी क्षीण वीज जाते. पाणी बोल्टपर्यंत चढलेलं असेल तर त्यातून ती वाहते आणि त्या उंचीचा दिवा लागतो. यापलीकडे त्या यंत्रात काही नाही.

आता पूर्वपक्ष. तो नीट मांडायला हवा, कारण तो अडाण्यांचा नाही. पूर्वपक्षी म्हणतो: संडासाच्या टाकीत कागद बोल्टांना चिकटतो, भिंतीवर बुळबुळीत थर धरतो, ग्रे टाकीत साबण आणि तेलाचा ओशट लेप बसतो. हा ओला थरच वीज वाहून नेतो, म्हणून पाणी नसतानाही दिवा लागतो. तेव्हा थर काढा. संडासात बर्फाच्या पिशव्या रिकाम्या करा आणि गाडी वळणांवरून पळवा, बर्फ भिंती घासून काढील. नाहीतर पाणी मृदू करणारी पावडर आणि डिटर्जंट घालून रात्रभर भिजवा. तेही जमलं नाही तर भोकं न पाडता टाकीच्या बाहेरून चिकटवायची सेन्सर-पट्टी बसवा. आणि तोवर दिवा चढला की टाकी रिकामी करून मोकळे व्हा. रिकामी असलेली कधीही बरी.

यातलं कारण खरं आहे. थर असतो आणि वीजही त्यातूनच वाहते. गफलत आहे ती त्या कारणावरून काढलेल्या निष्कर्षात.

स्वच्छ पाण्याच्या टाकीकडे पाहा. पुष्कळ गाड्यांत तिथेही तेच बोल्ट, तीच तार आणि तेच पॅनेल असतं. तिथला दिवा क्वचितच फसवतो. म्हणजे उपकरण एकच. एका टाकीत ते भरवशाचं ठरतं आणि शेजारच्या टाकीत बेभरवशाचं. अन्वय-व्यतिरेकानं पाहिलं तर दोष उपकरणाच्या अंगाला लागत नाही. बोल्टाला विचारलेला प्रश्न एवढाच असतो: इथून वीज जाते का? त्याचं तो खरं उत्तर देतो, जाते. ‘म्हणजे टाकी भरली’ हे पुढचं वाक्य आपलं असतं.

संस्कृत शिकताना ‘तर्कसंग्रह’ वाचलेल्यांना इथे ओळखीचं काही दिसेल. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, पण अग्नीवरून धुराचं चालत नाही. लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओलं असावं लागतं; ‘तर्कसंग्रह’कार अन्नंभट्ट या अटीला उपाधी म्हणतो, आणि जिथे उपाधी लपलेली असते तिथला हेतू व्याप्यत्वासिद्ध असतो, म्हणजे त्याची व्याप्ती सिद्ध होत नाही. पाण्यावरून विजेचं अनुमान बरोबर आहे. विजेवरून पाण्याचं अनुमान मात्र एका उपाधीवर टिकतं: भिंत स्वच्छ हवी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ही उपाधी आपोआप सांभाळली जाते. संडासाच्या टाकीचं कामच असं की ती रोज, प्रत्येक वापरागणिक मोडते.

म्हणून ‘साफ करा म्हणजे झालं’ हा उपाय एका दिवसापुरता आहे. टाकी धुवावी; वास कमी होतो, तळ मोकळा राहतो. पण आज धुतलेली भिंत उद्या सकाळी चहानंतर पुन्हा पहिल्यासारखी. बर्फाची गोष्ट तर विचार केल्याबरोबर विरघळते. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि साका बसतो तळाला. तरंगणाऱ्यानं तळ कसा घासावा? पाणी कमी ठेवलं तर तो तळावरून घरंगळेल, पण बोल्ट असतात भिंतीत, वरच्या अंगाला, जिथे तो पोचतच नाही. काही जण फॉर्मल्डिहाइडची निळी औषधं ओततात. ती वास दाबतात आणि त्याबरोबर मैला कुजवणारे जिवाणूही मारतात. सेप्टिक टाकीवर चालणारी कित्येक कॅम्पग्राउंडं ती औषधं आणू देत नाहीत, ते याचसाठी.

बाहेरच्या पट्टीबद्दल मला आदर आहे. ती बोल्टांपेक्षा नक्कीच चांगली. टक्क्यांत आकडा दाखवते. ज्यांची गाडी स्वतःची आहे आणि टाकीची बाजू हाताला लागते, त्यांनी ती जरूर बसवावी. पण गाडीचं पोट पत्र्यानं झाकलेलं असेल तर आधी ते उघडावं लागतं, आणि भाड्याच्या गाडीत हा प्रश्नच येत नाही. शिवाय उत्तम पट्टीही उंचीच सांगते. त्या उंचीत पाणी किती आणि गाळ किती, हे ती सांगू शकत नाही. संडासाच्या टाकीत तर जाणून घ्यायचं असतं नेमकं तेवढंच.

पूर्वपक्षामुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथेच आहे. ‘रिकामी असलेली कधीही बरी’ हे वाक्य स्वच्छ पाण्याच्या टाकीला उलटं लागू असतं हे सगळ्यांना कळतं. संडासाच्या टाकीलाही ते लागू नाही, हे फार थोड्यांना कळतं. अमेरिकेतल्या १९९२ च्या कायद्यानुसार घरगुती संडास एका फ्लशला साधारण ६ लिटर पाणी वापरतो. आरव्हीचा संडास दीड लिटरच्या आसपास. मैला वाहून न्यायला पाणी आधीच कमी, त्यात दिव्याला घाबरलेला माणूस फ्लशचं पेडल अर्धवट दाबतो, आणि टाकी एक-तृतीयांशही भरली नसताना झडप उघडतो. ३ इंची पाइपातून पाणी धाडकन निघून जातं, कारण वर वजनच नसतं. गाळ जागेवर राहतो. तो वाळतो, भिंतीला धरतो, आणि दिवा पुन्हा ‘भरली’ म्हणतो. माणूस आणखी घाबरतो, पाणी आणखी कमी वापरतो. दिव्यावरच्या विश्वासामुळेच दिवा बिघडत जातो.

या भीतीचं टोक म्हणजे सीवरची जोडणी मिळाली की झडप कायम उघडी ठेवणं. टाकीच नको आणि दिवाही नको, असा हिशेब. पाणी झिरपून जातं आणि संडासाच्या भोकाखाली गाळाचा ढिगारा उभा राहतो. आरव्हीवाले त्याला ‘पिरॅमिड’ म्हणतात. तो फोडायला मग ज्या पंपवाल्याला बोलवावं लागतं, त्याच्या एका फेरीत चार दिवसांचं भाडं निघालं असतं.

हे झालं खंडन. आता मंडन.

आपल्या घरात एक टाकी अशी आहे जिच्या आतलं काही दिसत नाही, जिला दिवा नाही, काटा नाही, आणि तरी ती कधी संपेल हे घरातल्या बाईला दोन दिवस इकडेतिकडे माहीत असतं. १४.२ किलोचा गॅसचा सिलिंडर. तो लावला की कालनिर्णयच्या त्या चौकोनात पेन्सिलीनं ‘गॅस’ लिहायचं. पाहुणे येऊन गेले, दिवाळीचं तळण झालं, की मनातल्या मनात तीन-चार दिवस वजा करायचे. आत किती उरलं ते मोजता येत नाही म्हणून किती गेलं ते मोजायचं. आरव्हीच्या टाकीला हीच रीत उलट करून लावायची: आत किती साठलं ते पाहता येत नाही, तर किती घातलं ते लिहायचं.

मोजायला काय लागतं? संडासाच्या दारामागे एक कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. जो जाईल त्यानं एक उभी रेघ मारायची, पाचवी आडवी. तांब्या वापरणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबात एका वेळी फ्लश, तांब्या आणि बाकीचं धरून सुमारे अडीच लिटर टाकीत जातं. अमेरिकी गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, आणि त्याचे दोन-तृतीयांश होतात अडीच. यातून एक सोपा नियम निघतो: टाकी जितक्या गॅलनची, तितक्या रेघा झाल्या की ती दोन-तृतीयांश भरली. ३० गॅलनच्या टाकीला ३० रेघांवर रिकामं करायचं ठरवावं. ४५ म्हणजे काठोकाठ. रिकामी केल्यावर तळाला आठ-दहा लिटर पाणी घालायचं असतं, त्याच्या चार रेघा आधीच मारून ठेवाव्यात. तुमचं पेडल जास्त पाणी सोडत असेल तर एकदा बाटलीनं मोजून आकडा बदला. तांब्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो लाजण्यासारखा नाही: कागद कमी, पाणी जास्त. टाकीला हवं असतं ते हेच.

ग्रे टाकीला रेघाही नकोत. नळाची जोडणी नसताना गाडीत जे पाणी आहे ते तुम्ही भरून आणलेलं. ४० गॅलन, म्हणजे १५१ लिटर भरले असतील, तर दोन्ही घाण टाक्यांत मिळून त्याहून फारसं जास्त जाऊच शकत नाही. ३० रेघांचं स्वच्छ पाणी साठेक लिटर धरा. मग ग्रेमध्ये गेले असतील जास्तीत जास्त नव्वद. पंप हवा ओढायला लागला तरी ४० गॅलनच्या ग्रे टाकीत जागा शिल्लक असते. नळाला जोडलेले असाल तर होजवर पाण्याचं छोटं मीटर लावा, किंवा शॉवर सोडून बादलीनं आंघोळ करा. १५ लिटरची बादली किती लिटरची असते, हा प्रश्न उरत नाही.

यावर आक्षेप येणार. मुलं रेघ मारायला विसरतील, पाहुणे तर मारणारच नाहीत. विसरतील. पन्नासात पाच विसरले तर चूक दहा टक्क्यांची झाली, आणि टाकी रिकामी केली की ती पुसली गेली. पुढचा हिशेब शून्यापासून. दिव्याची चूक शंभर टक्क्यांची असते, रिकाम्याला भरलेलं म्हणणारी, आणि ती दर वेळी तीच असते. शिवाय तार किंवा बोल्ट गंजला तर तोच दिवा भरलेल्या टाकीला रिकामी म्हणतो, आणि ती चूक फरशीवर येऊन कळते.

अनुमानाला जोड म्हणून प्रत्यक्षही आहे. ज्या गाड्यांत संडास टाकीच्या थेट डोक्यावर असतो तिथे पेडल दाबून टॉर्च मारा. पाणी किती वर आलं ते डोळ्यांना दिसतं. पेडल दाबल्यावर बुडबुड असा आवाज आला तर टाकी भरत आली आहे. ग्रे टाकी भरली की पाणी आधी शॉवरच्या तळात वर येतं, कारण गाडीतली सगळ्यात खालची मोरी तीच. आणि डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, होजच्या तोंडाला पारदर्शक एल्बो लावा. आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं होज धुतली जाते. एल्बोतून वाहणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत झडप बंद करू नका.

मग दिवा काढून टाकायचा का? नाही. त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं. टाकी धुतल्यावर तो विझला तर भिंत स्वच्छ झाली; नाही विझला तर पुन्हा धुवा. भिंतीबद्दलची त्याची साक्ष पक्की आहे. पाण्याबद्दल त्याला विचारू नका.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सीवर अशा तिन्ही जोडण्या देणारं कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज. बाकी सगळीकडे तुम्ही आपल्या टाक्यांवर जगता, आणि राष्ट्रीय उद्यानात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा जमिनीवर सोडणं नियमाविरुद्ध आहे. तेव्हा पुढच्या सहलीला निघताना सामानाच्या यादीत बर्फाच्या पिशव्या आणि निळं औषध लिहिलं असेल तर ते खोडा. एक पेन्सिल, हातभर दोरा आणि भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. टाकी रिकामी केल्याबरोबर, हात धुऊन, पहिल्यांदा तारीख लिहा.