तीस पृष्ठांचा प्रबंध

विद्वानाची योग्यता कशी मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीं ती सभेंतील वादावरून ठरत असे. आधुनिक काळीं शास्त्रज्ञानें किती लेख प्रसिद्ध केले आणि इतरांनीं त्यांचा आधार किती वेळां घेतला, यावरून ती ठरवूं लागले आहेत. या मापाची खरी किंमत कळण्यास अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्रांतील एका जपानी वैद्याचें चरित्र श्रोत्यांस उपयोगी पडेल.

हाकारु हाशिमोतो यांचा जन्म १८८१ सालीं जपानांतील इगा प्रांतीं, पिढीजाद वैद्यकी करणाऱ्या घराण्यांत झाला. फुकुओका येथील वैद्यक विद्यालयांतून ते १९०७ सालीं उत्तीर्ण झाले व तेथेंच प्रोफेसर हायारी मियाके यांच्या हाताखालीं शस्त्रवैद्यक शिकूं लागले. गळ्याच्या पुढील भागीं थायरॉइड नांवाची एक लहानशी ग्रंथि असते. शरीराची उष्णता व चलनवलन हीं तिच्या स्रावावर अवलंबून असतात. ती वाढली म्हणजे गलगंड होतो. अशा चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेनें काढलेल्या ग्रंथि हाशिमोतो यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. तेथें लसिकापेशींची दाटी झाली होती, तंतु माजले होते व ग्रंथीच्या मूळ पेशी पालटल्या होत्या. हा एक निराळाच विकार आहे, असें त्यांनीं १९१२ सालीं एका जर्मन नियतकालिकांत तीस पृष्ठांचा प्रबंध लिहून प्रतिपादन केलें.

पुढें ते अधिक अभ्यासासाठीं जर्मनींत गटिंगेन येथें गेले. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि त्यांस तो देश सोडावा लागला. स्वदेशीं परतल्यावर विद्यापीठाची वाट सोडून त्यांनीं आपल्या गांवीं वैद्यकी आरंभिली. १९३४ सालीं विषमज्वरानें, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

दरम्यान त्या प्रबंधाची गति काय झाली? रीडेल नामक जर्मन शस्त्रवैद्यानें १८९६ सालीं एका अतिकठीण गलगंडाचें वर्णन केलें होतें. हाशिमोतो यांचा विकार म्हणजे त्याचीच पहिली पायरी, असें कांहीं पाश्चात्य पंडितांनीं ठरवून टाकलें. १९३१ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील ग्रॅहॅम व मॅक्युला यांनीं हे दोन विकार भिन्न असल्याचें दाखविलें. १९३९ सालीं लंडनच्या सेसिल जॉल यांनीं या विकारावर विस्तृत लेख लिहिला. शेवटीं १९५६ सालीं लंडन येथें रॉइट, डोनिऍक व त्यांचे सहकारी यांनीं या रोग्यांच्या रक्तांत त्यांच्याच ग्रंथीविरुद्ध झटणारे प्रतिपिंड शोधून काढले. देह स्वतःच्याच अवयवावर उलटतो, ही कल्पना तेथून दृढ झाली.

लेखांच्या उल्लेखांची पद्धतशीर सूचि अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केली. एका लेखावरून त्याच विषयावरील दुसरा लेख सांपडावा, हा तिचा मोठा उपयोग. पुढें मात्र तिच्यावरून माणसें मोजूं लागले. २००५ सालीं हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक अंक सुचविला: ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. या रीतीनें ज्याचा एकच लेख आहे, त्याचा अंक एकाच्या वर कधींच जाणार नाहीं. मग त्या लेखानें सारें शास्त्र पालटलें तरी बेहेत्तर.

आणखीहि एक गंमत आहे. शोध सर्वमान्य झाला म्हणजे मूळ लेखाचा हवाला देण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आज जगांतील वैद्य 'हाशिमोतोचा विकार' असें सहज लिहितात, पण १९१२ सालचा प्रबंध उघडून पाहणारे त्यांत थोडे. कीर्ति वाढते आणि सूचींतील उल्लेख मात्र त्या मानानें वाढत नाहींत.

म्हणून ज्यांच्या हातीं तरुण संशोधकांस जागा व वेतन देण्याचा अधिकार आहे, त्यांनीं आंकड्यांचा उपयोग लेख हुडकण्यापुरता करावा; निवाडा देण्यापूर्वीं तो लेख स्वतः वाचावा. १९१२ सालच्या त्या तीस पृष्ठांत जें होतें, तेंच १९५६ सालींहि होतें. तें लक्षपूर्वक वाचणारे मात्र उशीरा भेटले.