पाव टनाची जीप आणि मागचे जादा पाटे

जुन्या जीपचा विषय निघाला की सगळे बोनेटकडे आणि समोरच्या जाळीकडे बघतात. आज आपण गाडीच्या मागे जाऊन खाली वाकूया आणि पाटे बघूया. आपल्याकडच्या जीपने आयुष्यभर काय ओझं वाहिलं, ते तिथे दिसतं.

१९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हवी होती, आणि पहिल्या नमुन्यासाठी मुदत होती फक्त ४९ दिवस. (आमच्याकडे एवढ्या वेळात रिक्वायरमेंटची मीटिंगपण संपत नाही.) बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने तो नमुना दिला, पण गाड्यांची मोठी ऑर्डर गेली विलीज आणि फोर्डकडे. या गाडीचा वर्ग होता पाव टन, म्हणजे माल साधारण अडीचशे किलो. चारही चाकांना पाटे. घोडागाड्यांच्या काळापासून वापरात असलेली ही गोष्ट एकटी दोन कामं करते: वजन झेलते आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवते.

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे उंच बोनेटची सीजे-३बी आली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. आणि इथे आल्यावर त्या पाव टनाला कोणी विचारलंच नाही! सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापच्या जीपमध्ये मागे किती माणसं बसायची, हे ज्यांनी लटकून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. त्यावर मेकॅनिकचा उपाय ठरलेला असायचा: मागे एक-दोन पाटे वाढवा. आज आपण ज्याला आफ्टरमार्केट सस्पेन्शन म्हणतो ते खेड्यातल्या गॅरेजांमध्ये केव्हाचं सुरू होतं. छंद म्हणून नाही, पोटासाठी.

यातलं गणित भारी आहे. त्याच जाडीचा एक पाटा वाढवला तर कडकपणा त्या एका पाट्याएवढाच वाढतो. पण जाडी दुप्पट केली तर तो एकच पाटा आठपट कडक होतो, कारण जाडीचा घन लागू होतो. म्हणून ट्रकचा जाड पाटा कापून जीपला लावला की गाडी भरलेली असताना उत्तम चालते, आणि रिकामी असताना खड्ड्यात मागचं चाक रस्ता सोडतं. वळणावर असं झालं तर मागची बाजू सरकते.

कराडजवळ माझ्या मामांकडे १९७२ची सीजे-३बी आहे, पेट्रोल इंजिनवालीच. दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहण्यात तिचं आयुष्य गेलं. मागच्या पाट्यांच्या थप्पीत खालचे दोन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जाड दिसत होते. आता गाडी बहुतेक वेळ रिकामीच पळते, म्हणून मी मऊ पाट्यांचा नवा सेट आणि नवे शॉकअप आणले. मामा म्हणाले, "आणि पोती काय डोक्यावरनं न्यायची?"

खरा वाद पुढेच होता. २०२१ पासून आपल्याकडे व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, नंबरमध्ये 'व्हीए' येतं. अट अशी की खासगी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. मला तो नंबर हवा होता. मामांनी एका वाक्यात विषय संपवला: "जित्या गाडीला म्युझियममधी ठिवतोस व्हय?"

मग मधला रस्ता काढला. ऑफ-रोडिंगवाली पोरं मागचा एक्सल पाट्याच्या वरून काढून खाली घेतात, गाडी एकदम पाच-सहा इंच उंच होते. पण त्यासाठी एक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचा पाइप अपुरा पडतो. माझ्या मते जुन्या जीपचा हा सत्यानाशच. आम्ही ठरवलं, नट-बोल्टने बसेल आणि नट-बोल्टने निघेल तेवढंच करायचं.

काम दीड दिवसाचं. चेसिस पक्क्या ठोकळ्यांवर टेकवली, एक्सलखाली वेगळा जॅक लावला. जुने यू-बोल्ट ग्राइंडरने कापले. ते परत वापरायचेच नसतात, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर चाकं तिरकी राहतात. रबरी बुशचे शॅकल बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नव्या सेटमध्ये पाटे कमी, म्हणजे पाट्यांचं आपसातलं घर्षणही कमी. त्यामुळे गाडीचं डोलणं थांबवायचं काम आता शॉकअपवर येतं. तिथे पैसे वाचवू नका.

काढलेले जाड पाटे ग्रीस लावून, 'डावा', 'उजवा' लिहून गोठ्यात ठेवलेत. भंगारवाल्याने भाव विचारला होता, मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. तीनेकशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, म्हणून मी परत गेलो तेव्हा जीप अंगणात नव्हती. चार पोती घेऊन मामा शेतावर गेले होते.