व्हर्बॅटिम: पाळकाच्या वहीची कुळकथा

रुग्णाला भेटून आल्यावर पाळकाने झालेला संवाद आठवून कागदावर उतरवायचा. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प बसलं, सगळं ओळीओळीने. रुग्णालयातल्या ख्रिस्ती पाळकीय सेवेच्या प्रशिक्षणात या टिपणाला ‘व्हर्बॅटिम’ म्हणतात.

त्याचं मूळ वेड्यांच्या इस्पितळात सापडतं. 1920 मध्ये अँटन बॉयसन या अमेरिकन पाळकाला मानसिक आजाराचा तीव्र झटका आला आणि त्याची रवानगी मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्णालयात झाली. बरा होऊन तो 1924 मध्ये वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलिन, म्हणजे रुग्णालयाचा पाळक, झाला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी तिथल्या वॉर्डांत आणले. पवित्र शास्त्र जितक्या बारकाईने वाचता, तितक्याच बारकाईने ही जिवंत माणसं वाचा, असं त्याचं सांगणं होतं.

बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट त्याचे पाठीराखे. डॉक्टरांसारखंच पाळकांनीही रुग्णांमध्ये राहून शिकावं, हा आग्रह त्यांनी 1925 मध्ये जाहीरपणे मांडला. पण मानसिक आजाराचं मूळ शरीरात, असं कॅबट मानत. बॉयसनला त्यातल्या काही आजारांत आत्म्याची झुंज दिसे. पुढे दोघांचं फाटलं.

टिपणाला घाट दिला तो रसेल डिक्स या तरुण चॅपलिनने. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तो रुग्णांशी झालेली बोलणी आणि प्रार्थना लिहून ठेवत असे. कॅबट आणि डिक्स यांनी मिळून लिहिलेलं, आजाऱ्यांच्या सेवेवरचं पुस्तक 1936 मध्ये निघालं आणि ही रीत सर्वदूर पोहोचली.

बॉयसन रुग्णांविषयी जी टाचणं काढी, त्यांत फक्त रुग्ण होता. डिक्सच्या कागदावर पाळकही आला. समजा, रुग्ण म्हणतो, ‘‘इथलं सूप बेचव आहे.’’ पाळक म्हणतो, ‘‘नर्सला सांगतो.’’ रुग्ण म्हणतो, ‘‘माझ्या मुलाला असलंच आवडायचं.’’ पाळक म्हणतो, ‘‘आपण प्रार्थना करू या का?’’ हे टिपण सहकाऱ्यांसमोर वाचलं जातं, तेव्हा सूप बाजूला पडतं. मुलाचा विषय निघताच तुला प्रार्थना का सुचली, असं मार्गदर्शक विचारतो. कदाचित पाळकाचंच वडिलांशी बोलणं तुटलेलं असतं.

तक्रार सुपाची, दुखणं नात्याचं, आणि ते ऐकून घेणाऱ्याचंही एक अडलेलं नातं. आज व्हर्बॅटिम लिहून घेतात ते हे तिन्ही थर एका पानावर दिसावेत म्हणून. अवघड विषय टाळण्यासाठी उरकलेली प्रार्थना पाळकाला स्वतःच्या लक्षात येत नाही; कागदावर मात्र ती लपत नाही.